टेबलापलीकडून : “यांना या वेळी तरी बसवा!”

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, किती मतं पडली की डिपॉझिट परत मिळतं. मी दोन ओळींत उत्तर दिलं: एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त, आणि नोटाची मतं त्या एकूण आकड्यात धरत नाहीत. त्यावर जी पत्रं आली, ती जवळपास सगळी एकाच प्रकारची. घरात, चाळीत किंवा सोसायटीत कुणीतरी छोट्या पक्षाकडून पुन्हा पुन्हा उभं राहतंय. त्याचं काय करायचं? महापालिकेचा जानेवारीतला धुरळा अजून बसायचाय, त्यामुळे सूर चढे आहेत. त्यातली तीन पत्रं घेतली. ठाण्याच्या निवडणूक शाखेत नोकरी झाली असल्याने असे उमेदवार मी टेबलाच्या या बाजूने भरपूर पाहिलेत, तेव्हा उत्तरात थोडा पक्षपात दिसला तर चालवून घ्या.

पत्र पहिलं

*मॅडम, माझे मिस्टर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनी बंद पडली तेव्हापासून ते एका छोट्या पक्षात आहेत. पक्षाचं नाव सांगितलं तर तुम्हीही म्हणाल, हा कुठला? विधानसभेला ऐरोलीतून दोनदा उभे राहिले, आता महापालिकेलाही. दर वेळी डिपॉझिट जातं, दर वेळी फंडातले पैसे मोडतात. पण मला लागलंय ते वेगळंच. विधानसभेच्या अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्रात माझे दागिने, माझं पोस्टातलं एमआयएस, सगळं लिहिलंय आणि ते मोबाइलवर कुणालाही दिसतं. हळदीकुंकवाला शेजारीण म्हणाली, “काकू, साडेसात तोळे आहेत की! मग मंगळसूत्र एवढं बारीक का घालता?” सुनेच्या माहेरचेही हसतात. आता हे २०२९ची भाषा करतायत. यांना बसवायचा काही कायदेशीर मार्ग आहे का? नसेल तर निदान माझं सोनं त्या कागदावरून काढता येईल का?*
*— एक गृहिणी, ऐरोली*

आधी सोनं. नाही, काढता येणार नाही. ते प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना २६. उमेदवार कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, त्याच्यावर गुन्हे किती, हे कळणं मतदाराचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये सांगितलं आणि तेव्हापासून हा कागद आला. त्यात पती किंवा पत्नीचा रकाना आहे, अवलंबून असणाऱ्यांचा आहे, कर्जाचा आहे, पॅनचा आहे. दागिन्यांचं वजन आणि किंमत, दोन्ही लिहायची. “बायको सांगत नाही, कोरं सोडतो,” म्हणणारे उमेदवार आमच्याकडे हमखास यायचे. कोरा रकाना आम्ही दाखवून देतो, तरी भरला नाही तर अर्ज छाननीत उडू शकतो. काही नसेल तर “निरंक” लिहायचं, पण असताना निरंक लिहिलं तर तो गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी साडेसात तोळे खरे लिहिले हे बरंच केलं. पुढच्या वेळी नोटरीकडे जाण्याआधी तो कागद स्वतः वाचा. तुमच्या नावावरचं तुम्हाला जास्त माहीत. शेजारणीला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, ते माझ्या खात्यात येत नाही.

आता बसवण्याचं. बायकोच्या, मुलाच्या किंवा पक्षाच्या अर्जावर कुणाची उमेदवारी मागे घेतली जात नाही. माघारीच्या नोटिशीवर उमेदवाराची स्वतःची सही लागते. ती त्याने स्वतः आणून द्यायची, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने (म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणाऱ्या मतदाराने) अथवा निवडणूक प्रतिनिधीने. मुदत शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. आणि एकदा दिली की ती नोटीस परत घेता येत नाही.

त्या शेवटच्या दिवसाची दुपार तुम्ही कधी पाहिली नसेल. अडीच वाजले की कार्यालयाच्या व्हरांड्यात वेगळीच माणसं दिसायला लागतात. एखाद्या छोट्या उमेदवाराच्या खांद्यावर हात टाकून कुणीतरी त्याला जिन्याखाली घेऊन जातं. फोन त्याच्या कानाला दुसराच कुणी लावतो, “साहेब बोलतायत, बोला.” तो मान हलवत राहतो. पावणेतीनला दाराशी येतो, आत बघतो, परत जातो. तीनला पाच मिनिटं असताना सही करतो तेव्हा तो आमच्याकडे बघत नाही. दुसरा एखादा मात्र तीन वाजेपर्यंत खिडकीशी चहा पीत उभा राहतो आणि तीनचा ठोका पडला की कप ठेवून म्हणतो, “झालं ना मॅडम? आता चिन्हाचं बोला.” तुमचे मिस्टर या दुसऱ्या जातीतले असावेत असं पत्रावरून वाटतं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या दारातही “यांना बसवा, आम्ही बघतो तुमचं” म्हणणारे येतील, कदाचित आलेही असतील. पाकिटाला हात लावू नका. उमेदवाराला उभं राहण्यासाठी किंवा माघार घेण्यासाठी पैसे देणं ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली लाचखोरी आहे आणि घेणं हीसुद्धा. भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा आहे. घरातल्यांचा जीव वैतागलेला असतो तेव्हाच ही माणसं गोड बोलतात.

पैशांबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. विधानसभेचं डिपॉझिट १० हजार, लोकसभेचं २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मं. पण घर बुडतं ते डिपॉझिटने नाही. पत्रकं, रिक्षावरचा भोंगा, पोरांचा चहा-वडापाव, मतदानाच्या दिवशी टेबलावर बसणाऱ्यांचं जेवण, आणि निकालानंतर “काका, राहिलेत तेवढे द्या” म्हणत येणारा मंडपवाला. यावर उपाय कायद्यातच आहे. निवडणूक खर्चासाठी उमेदवाराने अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत वेगळं बँक खातं उघडायचं असतं, खर्च त्यातूनच व्हायचा असतो. तुम्ही दोघांनी बसून एक आकडा ठरवा, तो त्या खात्यात टाका आणि मग फंडाचं पासबुक तुमच्या कपाटात ठेवा. खातं रिकामं झालं की प्रचार पायी. माझ्या माहितीतले बरेच छोटे उमेदवार पायीच प्रचार करतात आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

आणि हिशेब! याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. नामनिर्देशनापासून निकालापर्यंत खर्चाची वही ठेवावी लागते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात तिची तीनदा तपासणी होते. निकाल लागल्यापासून तीस दिवसांच्या आत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा सीए हे करतो. छोट्या पक्षाचा माणूस हरला की वही टीव्हीखाली ठेवतो आणि म्हणतो, “मी खर्चच काय केला?” खर्च शून्य असला तरी हिशेब द्यावाच लागतो. दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. अशा अपात्रांची यादी प्रसिद्ध होते आणि तिच्यात अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या लोकांचीच नावं भरलेली असतात. नोटीस आली की काहीजण ती न वाचताच ठेवून देतात, आणि पुढच्या वेळी अर्ज भरायला येतात तेव्हा आम्ही यादीत नाव दाखवतो. तेव्हाचा चेहरा वाईट असतो. महापालिकेचा हिशेब वेगळा, राज्य निवडणूक आयोगाच्या नमुन्यात. तो दिलाय का, हे आज रात्रीच जेवताना विचारा. त्यांना कायदेशीरपणे बसवणारी एकच वस्तू तुमच्या घरात आहे आणि ती म्हणजे ही वही, पण ती लपवायचा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

मला असल्या उमेदवारांबद्दल आपुलकी का, तेही सांगते. एकदा मतमोजणीच्या हॉलमध्ये, जाळीपलीकडे, एक असाच गृहस्थ बसला होता. जाळीपलीकडच्या खुर्च्यांनाही क्रम असतो: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे प्रतिनिधी, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्षांचे. हा टोकाकडे. त्याला स्वतःला एका यंत्रात दोन मतं, एकात शून्य, एकात पाच. पण मांडीवर रेघांची वही, आणि वहीत १७-सीच्या प्रती खोचलेल्या. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष बूथवर हजर असलेल्या पोलिंग एजंटांना जो कागद देतो, तो १७-सी. त्यावर यंत्राचा क्रमांक आणि एकूण पडलेली मतं असतात. या माणसाला पगारी पोरं परवडत नव्हती, म्हणून बायको, मेहुणा आणि भाची अशी घरचीच माणसं बूथवर बसवली होती. मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी आघाडीचा आकडा कुजबुजण्यात गुंग. हा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, हा मशीनचा नंबर माझ्या कागदावर नाही.” बघितलं तर खरंच दुसऱ्या बूथचं कंट्रोल युनिट त्या टेबलावर आलं होतं. नंतर आमच्याही लक्षात आलं असतं, पण त्या क्षणी त्या मोठ्या हॉलमध्ये ते एकट्याच्या लक्षात आलं होतं. यंत्र बदललं, मोजणी पुढे सरकली. त्याचं डिपॉझिट अर्थातच गेलं.

नुसत्या नागरिकाला तिथे उभंही राहता येत नाही. छाननीत दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घेणं, बूथवर आणि मोजणीला आपला माणूस बसवणं, हे उमेदवार म्हणून करता येतं. १० हजारांत ही सगळी दारं उघडतात. तुमचे मिस्टर ती उघडतात की फक्त बॅनरवर फोटो लावतात, ते पाहा. निवडणूक नसते तेव्हा ते काय करतात हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. नवी मुंबईत महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर थेट या जानेवारीत झाली, मधली सहा-एक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात सेक्टरमधल्या गटाराची, गावठाणातल्या घरांची, बंद कंपनीच्या देण्यांची तक्रार घेऊन ते कुणाच्या दारात गेले असतील, तर त्यांना उभं राहू द्या, ठरलेल्या आकड्यात. गेले नसतील तर जेवताना तोही प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पोळी वाढू नका.

पत्र दुसरं

*मी कोपरीत राहतो, वय २४. आमच्या चाळीतले एक काका छोट्या पक्षाकडून उभे राहतात. त्यांना दहा सूचक लागतात आणि दर वेळी ते माझी सही मागतात. मत मी त्यांना देणार नाही. सही केल्याने पासपोर्ट किंवा नोकरीला अडचण येईल का?*

येणार नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. इतरांना, म्हणजे मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला आणि अपक्षाला, लोकसभा-विधानसभेला दहा. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. कोपरी-पाचपाखाडीचा मतदार शेजारच्या ठाणे मतदारसंघात चालत नाही, मग घर रेल्वेच्या एका पुलाच्या अंतरावर का असेना. दहातला एक जरी बाहेरचा निघाला तरी अर्ज गेला, म्हणून आपला यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक नीट बघून द्या. मत कुणाला द्यायचं ते गुप्तच राहतं. एकाहून जास्त उमेदवारांचे सूचक होण्यालाही बंदी नाही, चाळीत तसे दोन काका असतील तर.

एक मात्र पाळा. सही केलीत तर ती माझी आहे म्हणायची तयारी ठेवा. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसच्या लोकसभा उमेदवाराचे सूचकच म्हणाले की सह्या आमच्या नाहीत. अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. नको असेल तर काकांना तोंडावर नाही म्हणा. ते अकरावा शोधतील, त्यांना सवय असते.

पत्र तिसरं

*बेलापूरला २०२४ मध्ये ३७७ मतांनी निकाल लागला. अशा वेळी पाचशे-हजार मतं खाणारे हे किरकोळ उमेदवार लोकशाहीची थट्टा करतात. डिपॉझिट एक लाख का करत नाहीत? निदान नापास झालेल्याला पुन्हा उभं राहू देऊ नये.*
*— निवृत्त बँक अधिकारी, नेरूळ*

३७७चा आकडा बरोबर आहे. त्याच बेलापुरात २०१४ मध्येही फरक दीड हजाराच्या आत होता. पण “मतं खाल्ली” हे मला पटत नाही. ती मतं हरलेल्याच्या ताटात वाढलेली होती हे कुणी ठरवलं? किरकोळ उमेदवार नसता तर तो मतदार घरी बसला असता किंवा त्याने नोटा दाबलं असतं, हेही तितकंच शक्य आहे.

डिपॉझिट वाढवण्याचा प्रयोग आपण केलाय. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. मतपत्रिका कसली, वहीच छापावी लागली. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंडा लोकसभेत ४८०. तेव्हा विधानसभेचं डिपॉझिट होतं २५० रुपये. तुम्ही याला थट्टा म्हणाल, पण मोडाकुरिचीत उभे राहिलेले बहुतेक शेतकरी होते आणि नलगोंडातल्यांची मागणी पाण्याची होती. कुणी ऐकून घेत नव्हतं म्हणून त्यांनी अर्ज भरले. त्यानंतर कायदा बदलला, २५०चे ५ हजार झाले, दहा सूचक आले, एका वेळी दोनच मतदारसंघांतून लढायची मर्यादा आली. २०१० पासून १० हजार. राष्ट्रपतिपदासाठीही तसंच: १९९२ मध्ये बरेलीचे काका जोगिंदरसिंग “धरतीपकड” थेट राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि १,१३५ मतमूल्य घेऊन गेले. १९९७ पासून तिथे पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात.

यातून हौशी थांबले का? तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचं दुकान चालवणारे, १९८८ पासून लढतायत, दोनशेहून जास्त वेळा हरलेत, आणि त्यांची सर्वोत्तम कामगिरी २०११ मधली ६,२७३ मतं. त्यांना डिपॉझिटने काही झालं नाही. एक लाख केलेत तर ज्याच्याकडे दुकान नाही तो थांबेल. बिल्डरच्या पैशाने उभा केलेला डमी थांबणार नाही, त्याचा लाख दुसरा भरतो.

तुमचा राग खरं तर त्या डमीवर हवा. नावसारखे, चिन्हसारखे उमेदवार उभे करणं हा धंदा आहे. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत “तुतारी” चिन्ह मिळालेल्या अपक्षाला लाखावर मतं पडली, कारण शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं “तुतारी वाजवणारा माणूस”. तिथे मात्र मतदाराची फसगत झाली असं म्हणायला जागा आहे. छोट्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याला त्याच ओळीत बसवू नका. नुसत्या कागदावर चालणाऱ्या पक्षांची झाडाझडतीही सुरू झालीय: सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. म्हणजे गंमत बघा, लढून हरणारा पक्ष यादीत राहतो, न लढणारा जातो. आयोगाचं हे म्हणणं मला बरोबर वाटतं.

“नापासाला पुन्हा बंदी” ही सूचना मी गंभीरपणे घेत नाही. बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईतून हरले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तेव्हा नेरूळचे कुणी बँक अधिकारी नियम करायला बसले नव्हते हे बरं. मोठ्या पक्षांतले दोन-दोनदा हरलेलेही पुन्हा तिकीट आणतातच, त्यांना बंदी घालायची तर टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा बंद होतील.

राहिला तुमचा शेवटचा, पत्राच्या मागच्या पानावरचा प्रश्न: यांची नावं यंत्रावर निदान खाली का टाकत नाहीत? खालीच असतात. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, प्रत्येक गटात वर्णानुक्रमे; सगळ्यांच्या खाली नोटा. एका बॅलट युनिटवर नोटा धरून सोळा बटणं, त्याच्या पुढे गेलं की दुसरं युनिट लावायचं.

पुढच्या अंकात दुबार मतदार नावं आणि पत्ता बदलल्यावरचे अर्ज. पत्र पाठवताना मतदार ओळखपत्राची झेरॉक्स जोडू नका, मला ती लागत नाही.